समन्सची मुदत उलटून गेली? कैफियत उशिरा देता येते, पण मागावी लागते

कोर्टाचं समन्स घरी आलं की घराघरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळं घर हादरतं, त्याच संध्याकाळी ओळखीच्या वकिलाला फोन जातो. नाहीतर तो कागद फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या खणात किंवा लाइटबिलांच्या फाइलमध्ये जाऊन बसतो, ‘रविवारी बघू’ म्हणून. दुसरा प्रकार फार महाग पडतो. दिवाणी दाव्यातलं समन्स हातात पडलं की दिवस मोजायला सुरुवात होते, आणि ती मोजणी तुमच्या रविवारासाठी थांबत नाही.

नियम थोडक्यात असा. तुमच्यावर कोणी दिवाणी दावा लावला, म्हणजे घर, जमीन, पैसे, करार, वाटणी यांपैकी कशावरूनही, तर तुम्ही प्रतिवादी झालात. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला तुमची बाजू लिहून द्यायची असते. तिला लेखी कैफियत म्हणतात. ३० दिवसांत जमलं नाही तर कोर्ट कारणं लिहून ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. आणि ९० दिवसही उलटले तर? बहुतेक लोक इथेच हातपाय गाळतात. ‘आता काही उपयोग नाही’ असं शेजारचे सांगतात, कधीकधी काळा कोट घातलेलेही सांगतात. साध्या दिवाणी दाव्यात ते खरं नाही. व्यापारी दाव्यात मात्र बऱ्याच अंशी खरं आहे. दोन्हींतला फरक माहीत नसला तर घर हातचं जाऊ शकतं.

एक घर, दोन भाऊ आणि एक सही

समजण्यासाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. वाई तालुक्यातल्या एका गावात वडिलोपार्जित घर. दोन भाऊ. थोरला वारला, त्याची बायको गावीच राहते. मुलगा नोकरीसाठी इंदूरला. धाकट्या भावाने, म्हणजे मुलाच्या काकांनी, कोर्टात दावा लावला की थोरल्याने १९९८ मध्येच हक्कसोडपत्र करून दिलं आहे, तेव्हा घर सगळं माझं आहे असं जाहीर करा आणि यांना कायमची मनाई करा. प्रतिवादी दोन : आई आणि मुलगा. दोघांचे पत्ते गावचेच घातलेले.

३ जूनला बेलिफ आला. आईने दोन्ही समन्स घेतली, दाखवलं तिथे सही केली. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही काळजी करू नका, घरातलं आहे, आपण बसून मिटवू.” आईने मुलाला फोनवर काही सांगितलं नाही, त्याला कशाला उगाच घोर. मुलगा दिवाळीला घरी आला, कपाटात कागद सापडला, आणि १० नोव्हेंबरला तो वकिलाला घेऊन कोर्टात उभा राहिला.

आता हिशेब करू. समन्स मिळालं तो दिवस सोडायचा आणि पुढून मोजायचं. ३० दिवस ३ जुलैला संपले. ९० दिवस १ सप्टेंबरला. १० नोव्हेंबर हा १६०वा दिवस. मधल्या काळात कोर्टाने ‘दावा कैफियतीविना चालवावा’ असा हुकूम करून ठेवला आहे. कोर्टाच्या आवारात याला सगळे ‘नो डब्ल्यूएस ऑर्डर’ म्हणतात. काकांनी आपल्या पुराव्याचं प्रतिज्ञापत्रही दाखल केलं आहे.

अशी घरं महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पांगलेल्या मराठी कुटुंबांत किती असतील, हे वाचणाऱ्याने स्वतःच्या नात्यागोत्यात डोकावून ठरवावं. बडोदा, हैदराबाद, बेळगाव, भोपाळ, बेंगळुरू, दिल्ली. नोकरी तिकडे आणि घराच्या उताऱ्यावर नाव इकडे.

यातली खरी धास्ती कोणती, तेही बघू. कैफियत नसेल तर कोर्ट दाव्यातली विधानं कबूल झाली असं धरू शकतं. म्हणजे ज्या हक्कसोडपत्राचं या मायलेकांनी नावही ऐकलेलं नाही, ते त्यांना ‘मान्य’ ठरू शकतं. कैफियतीत ‘दाव्यातला मजकूर नाकबूल’ एवढं एकच वाक्य ठोकूनही भागत नाही. प्रत्येक मुद्दा वेगवेगळा नाकारावा लागतो. गोलमोल नकार कायद्याच्या दृष्टीने होकाराच्या जवळ जातो.

हे ९० दिवस आले कुठून

पूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेत कैफियतीसाठी असा दिवसांचा काटा नव्हता. तारखांवर तारखा पडत, कैफियत येतच नसे, आणि दावा लावणारा म्हातारा होई. १९९९ च्या दुरुस्तीने ३० दिवस घातले, त्यावर वकील मंडळींनी मोठा गदारोळ केला. मग २००२ च्या दुरुस्तीने कारण दाखवून ९० दिवसांपर्यंतची सवलत दिली. १ जुलै २००२ पासून हे लागू आहे. नियमाची भाषा कडक आहे. ९० दिवसांच्या ‘पुढे नाही’ असंच तिथे लिहिलं आहे.

मग प्रश्न उभा राहिला की हा नियम मोडला म्हणजे हक्क कायमचा संपला का? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैलास विरुद्ध नन्हकू या खटल्यात त्याचं उत्तर दिलं. सरन्यायाधीश लाहोटी यांच्यासह तिघा न्यायाधीशांपुढे तो चालला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की ही मुदत दावा लवकर चालावा म्हणून आहे, प्रतिवादीचं तोंड बंद करण्यासाठी नाही. म्हणून ९० दिवसांनंतरही कोर्ट कैफियत घेऊ शकतं. पण सहजासहजी नाही. मागणी लेखी हवी, कारण खरं हवं, आणि खर्चाची अट घालता येते. त्याच वर्षी सेलम वकील संघाच्या प्रकरणातही न्यायालयाने हेच धरलं आणि एक इशारा जोडला : ही सवलत खरोखर अडचणीत सापडलेल्यांसाठी, रोजच्या वापरासाठी नाही.

या दोन निकालांवर आजही तालुका न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत विलंब माफीचे अर्ज चालतात. निकाल मात्र सगळे एका साच्यातले नाहीत. २०२२ च्या एका निकालात, भारत कालरा विरुद्ध राजकिशन छाब्रा, १९३ दिवसांचा उशीर सर्वोच्च न्यायालयाने माफ केला. बिगर-व्यापारी दाव्यात अशा उशिराची भरपाई खर्चाने करता येते, कैफियतच नाकारणं योग्य नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. उलट २०१८ मध्ये ॲटकॉम टेक्नॉलॉजीज विरुद्ध वाय. ए. चुनावाला या मुंबईच्या दाव्यात काही वर्षांच्या उशिरानंतर घेतलेली कैफियत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. उशीर जितका लांब, तितकं कारण भक्कम लागतं. ‘कागदपत्रं शोधत होतो’ हे दोन महिन्यांना पुरेल, दोन वर्षांना पुरणार नाही.

मला यातली सर्वोच्च न्यायालयाची भूमिका रास्त वाटते, पण तिची एक बाजू फार बोलली जात नाही. दावा लावणारा प्रत्येक जण काही घर हडपणारा काका नसतो. कितीतरी विधवा, भाडं थकलेले घरमालक, पैसे अडकलेले छोटे दुकानदार वादी असतात, आणि समोरचा मुद्दाम कैफियत लांबवत असतो. न्यायाधीशासमोर हे दोन्ही प्रकारचे लोक एकाच नमुन्याचा अर्ज घेऊन येतात. म्हणून अर्जात काय लिहिलं आहे आणि सोबत काय जोडलं आहे, यावर सगळं ठरतं.

अर्जात काय असावं

इंदूरच्या मुलाने करायची पहिली गोष्ट म्हणजे कैफियत तयार करणं. हे उलटं वाटेल, पण विलंब माफीचा अर्ज एकटा न देता कैफियत सोबत जोडूनच द्यावा. ‘मुदत द्या, मग कैफियत आणतो’ म्हणणाऱ्यावर कोर्टाचा विश्वास कमी असतो. कैफियत जोडलेली दिसली की दोन गोष्टी दिसतात : माणूस आता खरंच तयार आहे, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे.

अर्जात मागण्या दोन. एक, कैफियतीविना दावा चालवण्याचा हुकूम रद्द करावा. दोन, झालेला विलंब माफ करून सोबतची कैफियत दाखल करून घ्यावी. अशा अर्जात पुष्कळदा दुसरीच मागणी असते, पहिली राहून जाते, आणि मग त्यावरून वादीचा वकील तांत्रिक हरकत घेतो.

खरं वजन कारणाला. ते तारखांनिशी लिहायचं. ३ जून ते २० ऑक्टोबर काय झालं, २० ऑक्टोबरला गावी आल्यावर काय कळलं, वकिलांकडे कधी गेलो, दाव्याच्या नकला कधी मिळाल्या. मधला कुठलाही तुकडा रिकामा राहता कामा नये. न्यायाधीश नेमका तोच तुकडा विचारतात. ‘काही अपरिहार्य कारणामुळे’ हे शब्द अर्जात दिसले की तो अर्ज अर्धा हरलेला असतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि पुरावा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, बिलं, डिस्चार्ज कार्ड. नोकरी परगावी असेल तर कंपनीचं पत्र, इंदूरचा भाडेकरार, रेल्वेचं तिकीट. एक डॉक्टरी सर्टिफिकेट, तेही अर्जाच्या आदल्या दिवशी घेतलेलं, फार कामाला येत नाही. सगळ्यावर प्रतिज्ञापत्र. त्यात खोटं लिहिलं तर ते वेगळं संकट ओढवून घेणं आहे.

कोणती कारणं चालतात, याची यादी कायद्यात नाही. दाव्याची प्रतच समन्ससोबत नव्हती, हे चांगलं कारण आहे, कारण समन्ससोबत दाव्याची प्रत देणं कायद्याने आवश्यक आहे. सरकारी दफ्तरातून जुने फेरफार, नोंदणी कार्यालयातून दस्ताची नक्कल मिळायला वेळ लागला, हेही चालतं, पण मागणी-अर्जाची पोच दाखवता आली पाहिजे. आमच्या मायलेकांनी तर हा शोध घ्यायलाच हवा. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. दुय्यम निबंधकाकडे १९९८ चा असा दस्त नोंदलेलाच नसेल, तर कैफियतीला केवढं बळ येईल.

‘वकिलाने सांगितलं नाही’ हे कारण लोक फार वापरतात. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल खटल्यात म्हटलं होतं. त्याचा आधार अजूनही घेतला जातो. पण नंतरची न्यायालयं उलट विचारतात की वकीलपत्र दिल्यावर तुम्ही सहा महिने एकदा तरी चौकशी केली का? आजच्या काळात ‘मला कळलंच नाही’ हे म्हणणं आणखी अवघड झालं आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की दाव्याची पुढची तारीख आणि झालेले हुकूम मोबाइलवर फुकट दिसतात. तो क्रमांक वकिलांकडून मागून घ्या आणि घरातल्या तरुण मंडळींपैकी कुणावर तरी सोपवा.

‘आपसात मिटवत होतो’ हे कारण भावनिकदृष्ट्या खरं असतं, कायद्यात मात्र लंगडं पडतं. काकांनी तोंडी दिलेल्या आश्वासनाने दिवस थांबत नाहीत. बोलणी चालू ठेवा, जेवायला बसा, पण कैफियत वेळेत द्या. कैफियत दिल्यावरही तडजोड करता येते, आणि कोर्टच तुम्हाला मध्यस्थीला पाठवू शकतं.

समन्स खरंच बजावलं गेलं होतं का

आई आणि मुलगा यांची गोष्ट इथे वेगळी होते. आईने स्वतः सही केली, तिचे दिवस ३ जूनपासून. पण मुलाचं? घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, पण तो प्रतिवादीसोबत राहणारा हवा, आणि प्रतिवादी थोड्याच वेळात भेटण्याची शक्यता नसली पाहिजे. घरात कामाला असलेला नोकर यात बसत नाही. जुन्या नियमात फक्त पुरुष माणसाकडेच समन्स देता येई. १९७६ च्या दुरुस्तीने बाईमाणसाचंही चालतं झालं, तेव्हा सुनेने किंवा आजीने सही केली म्हणून ती बजावणी खोटी ठरत नाही.

आमचा मुलगा इंदूरला राहतो, आई गावी. ती त्याच्या ‘सोबत राहणारी’ आहे का, हा खरा वाद घालण्यासारखा मुद्दा आहे. त्याचे दिवस दिवाळीपासून मोजावेत असा अर्ज तो करू शकतो, आणि तसं झालं तर तो उशिरातही नाही. वकिलाने कोर्टातून बेलिफाचा अहवाल काढून वाचला तरच हे कळतं. हा एक कागद बरेचदा अख्ख्या अर्जाची दिशा बदलतो.

याची उलट बाजूही आहे. पोस्टमनने आणलेलं रजिस्टर ‘नको’ म्हणून परत पाठवणं ही आपल्याकडची जुनी हुशारी. ती आता चालत नाही. घेण्यास नकार असा शेरा आला की कोर्ट समन्स बजावलं असं जाहीर करू शकतं. दाराला चिकटवूनही बजावणी होते, परवानगी घेऊन वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊनही होते. समन्स नाकारणाऱ्याला दावा टाळता येत नाही, त्याला फक्त दाव्याची प्रत मिळत नाही.

दुकानाचा दावा असेल तर

आता ती धोक्याची जागा. दावा व्यापारी स्वरूपाचा असेल आणि रक्कम ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर तो व्यापारी न्यायालय कायद्याखाली जातो. २०१५ साली हा कायदा आला तेव्हा हद्द १ कोटीची होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आणली, आणि मोठ्या कंपन्यांचा वाटणारा कायदा हार्डवेअरच्या दुकानापर्यंत, केटरिंगवाल्यापर्यंत, भागीदारीत चालवलेल्या गिरणीपर्यंत येऊन पोचला. फक्त धंद्यासाठी वापरलेल्या गाळ्याच्या कराराचाही त्यात समावेश होतो.

या दाव्यात कैफियतीसाठी ३० दिवस, कारण दाखवून आणि खर्च भरून जास्तीत जास्त १२० दिवस. १२१व्या दिवशी हक्क संपतो, कोर्टाला कैफियत रेकॉर्डवर घेताच येत नाही. २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध के. एस. चमणकर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. पुढे २०२० च्या देशराज विरुद्ध बाळकिशन निकालाने दोन्ही वाटा स्पष्ट वेगळ्या केल्या : व्यापारी दाव्यात मुदत सक्तीची, साध्या दाव्यात ९० दिवसांनंतरही न्यायाधीशाचा विवेक चालतो. कोरोनाच्या काळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा कालावधी सर्वोच्च न्यायालयाने मुदतींच्या मोजणीतून वगळला होता, पण तो अपवाद त्या काळापुरता.

म्हणून समन्स आल्यावर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा की हा दावा व्यापारी आहे का. ३ जूनचं समन्स व्यापारी दाव्यातलं असतं, तर १ ऑक्टोबरलाच दार बंद झालं असतं आणि दिवाळीत कपाट उघडून उपयोग झाला नसता.

अशी बंद दारं आणखीही आहेत. ग्राहक आयोगात तक्रारीला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर १५ दिवस, एकूण ४५. पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज खटल्यात ठरवलं. तुमचं छोटं क्लिनिक, क्लास किंवा बिल्डरचा धंदा असेल तर हे लक्षात असू द्या. वचनचिठ्ठीवरून किंवा चेकवरून लावलेल्या संक्षिप्त दाव्यात तर आधी १० दिवसांत हजर व्हायचं आणि पुढच्या समन्सनंतर १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. तिथे मात्र पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. आणि दिल्लीतल्या भाडेकरूंनो, घरमालकाने स्वतःच्या गरजेसाठी जागा रिकामी मागितली असेल तर बचावाच्या परवानगीसाठी १५ दिवसच आहेत. पृथीपाल सिंग निकालानुसार त्यात एक दिवसाचाही उशीर माफ करण्याचा अधिकार भाडे नियंत्रकाला नाही.

कैफियत नाकारली, किंवा निकालच लागला

विलंब माफीचा अर्ज फेटाळला तर? पहिली गोष्ट, कोर्टात जाणं बंद करायचं नाही. कैफियत नसली तरी वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेता येतो, युक्तिवाद करता येतो. स्वतःचा नवा बचाव पुराव्यात आणता येत नाही, एवढंच. १९८८ च्या मॉड्युला इंडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, बचाव रद्द झालेल्या भाडेकरूला सुद्धा हे हक्क राहतात, असं मानलं. काकांनाच विचारता येईल की हे हक्कसोडपत्र लिहिलं कुणी, साक्षीदार कोण होते, पंचवीस वर्षं उताऱ्यावर थोरल्या भावाचं नाव तसंच का राहिलं. चांगल्या उलटतपासाने कैफियत नसलेले दावेही वादी हरलेले आहेत. शिवाय कैफियत नाही म्हणून कोर्टाने डोळे मिटून वादीला मागेल ते द्यावं, असंही नाही. बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदन या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं आहे. अर्ज फेटाळल्याच्या हुकुमाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते.

तुम्ही कोर्टात गेलाच नाहीत आणि दावा एकतर्फा चालला असेल, तर मधल्या टप्प्यावर येऊन, हजर न राहण्याचं योग्य कारण दाखवून, पुन्हा आत शिरता येतं. १९५५ च्या संग्रामसिंग खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, एकतर्फा हुकुमाचा अर्थ फार माणुसकीने लावला. एकतर्फा म्हणजे त्या दिवशी तुम्ही नव्हता एवढंच, पुढच्या कामात भाग घेण्यापासून तुम्हाला कुणी हाकलू शकत नाही.

हुकूमनामाच झाला असेल, तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा. समन्स नीट बजावलंच गेलं नव्हतं तर हे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. बऱ्याच लोकांना ते कळतं ते दरखास्तीचा बेलिफ ताबा घ्यायला दारात आल्यावर. तो दिवस वहीत लिहून ठेवा. पण नुसती बजावणीत तांत्रिक खोट आहे म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही. तुम्हाला तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळ होता असं दिसलं, तर कोर्ट ऐकत नाही. हा अर्ज आणि अपील, दोन्ही वाटा सोबत धरता येतात. मात्र अपील फेटाळलं गेलं की अर्जाची वाट बंद होते, तेव्हा आधी कोणती पुढे रेटायची ते वकिलाशी बोलून ठरवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. देशभर चालणारा फोन क्रमांक १५१०० आहे. वाईच्या त्या आईला हा हक्क ३ जूनलाच होता, तिला कुणी सांगितलं नाही.

परवानगी मिळाली, तरी

धरू की मायलेकांचा अर्ज मंजूर झाला. कोर्ट बहुतेक वेळा काकांना द्यायचा खर्च ठरवतं, कधी तो विधी सेवा प्राधिकरणाकडे भरायला सांगतं. रक्कम उशीर आणि दाव्याची पायरी बघून ठरते. तिला दंड समजून रागावण्यात अर्थ नाही; समोरच्याच्या फुकट गेलेल्या तारखांची ती भरपाई आहे. मात्र हुकुमात खर्च कधीपर्यंत भरायचा ते नीट वाचा. खर्च ही अट असेल आणि ती वेळेत पाळली नाही, तर मिळालेली परवानगी हातातून जाते आणि कैफियत रेकॉर्डवर येतच नाही. पैसे वकिलांकडे दिले म्हणजे भरले असं नाही. वादीच्या वकिलांची किंवा नाझराची पावती घ्यायची, तिची एक प्रत कोर्टात दाखल करायची, आणि त्या तारखेच्या रोजनाम्यात ‘खर्च भरला, कैफियत दाखल करून घेतली’ अशी नोंद झाली की नाही, ते ॲपवर स्वतः बघायचं.